नंदावहिनी जेवायला बसल्या

नंदावहिनींचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. उठायचं, पोळ्या करायच्या, भाजी करायची, ती झाकून ठेवायची आणि कोट घालून अमेरिकेतल्या एडिसन गावच्या त्या अपार्टमेंटच्या दाराशी उभं राहायचं. तेवढ्यात त्र्यंबक गोदामातली रात्रपाळी संपवून यायचा. घरात मोटार एकच. तो किल्ली द्यायचा, त्या घ्यायच्या.

"भाजी गरम आहे. लगेच जेवा."

"हं. पुढच्या टायरात हवा कमी आहे. जपून चालव."

नवराबायकोचं दिवसभरातलं बोलणं जवळजवळ एवढंच. मला हे माहीत आहे, कारण त्या मला वाटेत गाडीत घ्यायच्या आणि मी कधी कधी आधीच त्यांच्या दाराशी जाऊन थांबायचो. आम्ही दोघं हायवेवरच्या एकाच हॉटेलात कामाला होतो. त्या वर खोल्या आवरायच्या. मी तळघरात लॉन्ड्री सांभाळायचो.

खोली आवरणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळत नाही. तरी सांगतो. जड गादीचा कोपरा हातानं उचलून धरला तर वर्षभरात मनगट जातं. वहिनी कोपऱ्याखाली गुडघा सारायच्या. गादी गुडघ्यावर, दोन्ही हात चादरीला मोकळे. टब घासताना बाहेरून वाकायच्या नाहीत, आत उतरून गुडघे टेकायच्या. त्यामुळे कंबर वाचली, गुडघे मात्र गेले. काहीतरी जातंच. त्यांच्या मजल्यावरची गाठोडी मी लगेच ओळखायचो. चादरी वेगळ्या, टॉवेल वेगळे, ओलं वरती. बाकीच्यांच्या गाठोड्यांत हात घालायला मला भीती वाटायची.

वहिनी आणि त्र्यंबक, दोघंही सिन्नरकडची. त्र्यंबकचा थोरला भाऊ इंजिनियर. त्यानं पंचाहत्तर साली दोघांना इकडे बोलावून घेतलं. त्र्यंबकजवळ डिग्री नव्हती, पाठ भक्कम होती. मुलगी सुमेधा तेव्हा दोन वर्षांची. तिला सांभाळायला कुणी नाही, म्हणून एकानं दिवसा कामाला जायचं आणि एकानं रात्री, असं ठरलं. थोड्या दिवसांपुरतं. पण गोदामात पाळी बदलून मागितली की नव्या माणसांच्या रांगेत शेवटी जावं लागायचं. मुलगी हायस्कुलात गेली तरी पाळ्या त्याच राहिल्या. सुट्टीसुद्धा जुळायची नाही. त्याची रविवारी, तर वहिनींची मधल्या वारी, कारण शनिवार-रविवारी हॉटेल भरलेलं.

एकदा ड्रायरपाशी उभ्या उभ्या डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "भावजी, मला दागिने नकोत, घर नको. ह्यांच्यासमोर बसून एकदा गरम जेवायचंय. दोघांनी एकदम. कुणी मध्येच उठायचं नाही."

मी म्हटलं, "एवढंच?"

"तुम्हाला एवढंसं वाटतंय. शैलाताई रोज समोर बसतात ना तुमच्या."

शैला माझी बायको. मी ड्रायरमधल्या चादरी काढायला लागलो.

शहाऐंशीच्या जानेवारीत एका खोलीत पाहुण्यानं टाकून दिलेलं रंगीत पत्रक वहिनींना सापडलं. सेंट थॉमस बेटावरचं रिसॉर्ट. जोडप्यांसाठी आणि कुटुंबांसाठी. एकदा पैसे भरले की राहणं, खाणं, पिणं, होडीत बसणं, सगळं त्यातच. बेट अमेरिकेचंच, म्हणून व्हिसाची भानगड नाही. त्र्यंबकनं ते पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

"असं कुठं असतं यार? कुणी भरपूर खाणारा आला तर ह्यांचं दिवाळं निघेल."

"तुम्हाला अजून बघितलं नाहीये त्यांनी," शैला म्हणाली.

जायचं ठरलं. आम्हीही बरोबर निघालो. पैसे साठलेले होते, पण दोघांना एकाच आठवड्यात रजा मिळणं त्याहून अवघड होतं. ती त्यांनी कष्टानं मिळवली. वहिनींनी आपल्या सुट्टीच्या वारी इतरांच्या खोल्या केल्या. त्र्यंबकनं चार महिने ज्याला नको असेल त्याची पाळी घेतली. मे महिन्यात सुमेधाला काकांकडे पेनसिल्व्हेनियात सोडलं आणि नूअर्कहून विमानात बसलो.

समुद्र निळा असतो हे मी ऐकून होतो. ते खरं नाही. काठाशी त्या पाण्याला रंगच नव्हता. पुढे ते केळीच्या कोवळ्या पानासारखं होत गेलं, त्याच्या पुढे शाईसारखं. वाळू इतकी पांढरी की मला वाटलं, कुणीतरी चाळून टाकली असेल. वहिनी साडी पोटरीपर्यंत उचलून आत गेल्या आणि खाली बघत राहिल्या.

"अहो, माझी बोटं दिसताहेत! पाण्यातून!"

"मग काय बूट दिसायला हवेत?" त्र्यंबक म्हणाला. पण तोही खाली वाकून स्वतःची बोटं बघत होता.

वहिनींनी क्षितिजाकडे पाहिलं. सिन्नरला त्यांचं लहानपण डोक्यावरून पाणी वाहण्यात गेलेलं. म्हणाल्या, "केवढं पाणी! आणि कुणीच भरत नाहीये."

पहिल्या रात्री जेवणाच्या मंडपात गेलो आणि आम्ही चौघंही दारात थांबलो. लांबच लांब टेबलं. मासे, भात, कोंबडी, फळांचे डोंगर, कापलेल्या पपया, सात-आठ तऱ्हेचे पाव. घ्या, हवं ते घ्या. कुणी विचारत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. मी बरीच लग्नं जेवलोय. असं पाहिलं नव्हतं.

वहिनींनी ताट घेतलं, निवडून निवडून भरलं आणि त्र्यंबकसमोर ठेवलं. मग माझं. मग शैलाचं, ती नको नको म्हणत असताना. मग पाणी. मग त्र्यंबकला आणखी मासा. मग लिंबू राहिलं म्हणून परत. शेवटी स्वतःचं ताट घेऊन त्या आल्या, तोवर त्र्यंबकचं जेवण संपलं होतं. गोदामात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, जाणं-येणं धरून. तो घास चावत नाही, पाठवतो. वहिनी टेकल्या आणि तो ताट उचलून उभा राहिला.

"कुठं निघालात हो? ट्रक लागलाय का?" शैला म्हणाली.

तो ओशाळून परत बसला. पण समोर रिकामं ताट आणि माणूस गप्प. वहिनी एकट्याच जेवल्या.

सकाळी नाश्त्याला तो उठूच शकला नाही. ती त्याची झोपायची वेळ. पाळी घड्याळात नसते, अंगात असते. वहिनी पहाटे सव्वाचारला जाग्या होऊन गॅलरीत बसलेल्या मला दिसल्या. मीही जागाच होतो. खाली एक माणूस लांब दांड्याच्या दाताळ्यानं वाळू सारखी करत होता. मागे मागे सरकत, स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत. म्हणजे ती वाळू आपोआप तशी नव्हती. रोज पहाटे तो ती तशी करत होता. आम्ही दोघांनी ते काम शेवटपर्यंत पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "हात चांगला आहे."

दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, दुसरा दिवस, तिसरा दिवस, सगळं तसंच. वहिनी वाढायच्या, त्र्यंबक संपवायचा. शैलानं हाताला धरून बसवलं तर बसायच्या आणि त्याच्या ताटात भात संपलेला दिसला की उठायच्या. मी त्र्यंबकला बाजूला घेऊन सांगितलं, "जरा थांब ना तिच्यासाठी."

"मी थांबतो रे. पण हात थांबत नाही."

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही चौघं वाळूवर होतो. त्र्यंबक पाण्यात उतरला तेव्हा वहिनी शैलाला म्हणाल्या, "ताई, मला इतकी वर्षं वाटायचं, पाळ्यांमुळे बसता येत नाही. इथं कुठं आहे पाळी?"

शैला त्यांच्या साडीवरची वाळू झटकू लागली.

"उद्या शेवटचं जेवण," वहिनी म्हणाल्या. "परवा जायचं. मग आहेच दाराशी किल्ली."

शेवटच्या रात्रीचं जेवण मंडपात नव्हतं, बाहेर समुद्राकाठी होतं. टेबलं मांडलेली, स्वतः उठून घ्यायचं नाही, आणून वाढणार. आमच्या टेबलाला ऑलिव्ह नावाची बाई होती, पन्नाशीची, तिथल्याच बेटावरची. भरलेलं तबक ती हातावर पेलत नव्हती, खांद्यावर घेत होती, आणि वाळूतून चालताना पाऊल सपाट टाकत होती, म्हणजे रुतू नये. तबकात मोठाल्या थाळ्या: वाफाळलेला भात आणि राजम्यासारखं काही, भाजलेला मासा, तळलेली केळी. सूर्य पाण्याला टेकला होता.

ऑलिव्हनं थाळ्या खाली ठेवल्या आणि वहिनी उठल्या. भाताचा मोठा चमचा त्यांच्या हातात गेलासुद्धा. ऑलिव्हनं तो चमचा दुसऱ्या बाजूनं धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"काही कमी आहे का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नो, नो. मी वाढते. हॅबिट."

"तू कामाला कुठं आहेस?"

"हॉटेल. रूम्स करते."

ऑलिव्ह मोठ्यानं हसली. "वाटलंच मला. बरं, सांग. तुझ्या मजल्यावर पाहुणी स्वतःच पलंग आवरायला लागली आणि सुपरवायझरनं पाहिलं, तर तो कुणाला जाब विचारेल?"

वहिनी म्हणाल्या, "मला."

"हे टेबल माझं आहे."

वहिनींनी चमचा सोडला. नवऱ्याला वाढणं हे दुसऱ्या कुणाचं काम असू शकतं, असं त्यांच्या मनात कधी आलंच नसावं. आणि दुसरीच्या कामात हात घालायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. "सॉरी," त्या म्हणाल्या, आणि मराठीत आमच्याकडे वळून, "खरंच की हो. तिची नोकरी जायची." आणि खुर्चीत बसल्या.

ऑलिव्हनं पहिलं ताट वहिनींचंच भरलं. मग शैलाचं, माझं, त्र्यंबकचं. त्र्यंबकनं काटा उचलला, माशात घातला, आणि ठेवून दिला. वहिनींनी पहिला घास घेईपर्यंत तो थांबला. मग एक घास घेतला आणि काटा पुन्हा खाली ठेवला. प्रत्येक घासाला हेच. घास, काटा खाली, वहिनींकडे बघणं, मग पुढचा. मी ओझी उचलणारी माणसं आयुष्यभर पाहिली आहेत. त्या रात्री तो उचलत होता तेवढं जड ओझं त्यानं गोदामात कधी उचललं नसेल. कपाळावर घाम आला होता.

वहिनींचंही काही सोपं नव्हतं. ऑलिव्ह जवळून गेली की त्या खुर्चीच्या कडेला सरकायच्या. शैलाचा पेला रिकामा झाला तेव्हा त्या अर्ध्या उठल्या. त्र्यंबकनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बस ग."

"अहो, पाणी..."

"आणेल ती."

ऑलिव्हनं पाणी आणलं. वहिनी बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. हात मात्र त्र्यंबकनं काढला नाही, डाव्या हातानं जेवत राहिला. सांडत होता. त्या हसल्या.

"काय हे, लहान मुलासारखं!"

"तू खा. माझ्याकडे बघू नकोस."

"बघणारच. त्याचेच तर पैसे भरलेत."

त्यांनी भाताचा मोठा घास घेतला आणि तोंडापुढे हात धरला. "गरम आहे हो!"

"मग फुंकर घाल. हळू. घाई काय आहे?"

घाई काय आहे, हे त्र्यंबक म्हणाला. शैलानं माझ्याकडे पाहिलं आणि मी समुद्राकडे.

सूर्य बुडाला. सगळं पाणी तांबडं झालं, मग जांभळं, आणि आकाश त्यात कुठं संपतं ते कळेनासं झालं. आजूबाजूची माणसं उठून नाचाच्या जागेकडे गेली. आमच्या टेबलावरून कुणी उठलं नाही. ऑलिव्हनं न विचारता दुसऱ्यांदा भात आणला, दोघांच्या ताटांत एकाच चमच्यानं, सारखा.

अकरा वर्षांच्या दोन पाळ्यांच्या मजुरीतून साठलेलं त्या बेटावर गेलं. त्यात समुद्र होता, होडी होती, पपयांचे डोंगर होते, आणि ते आम्ही सोडले नाहीत. पण विकत काय घेतलं ते मी समोर बसून पाहिलं. दोन माणसं, दोन भरलेली ताटं, आणि दोन्हींतून एकाच वेळी वर जाणारी वाफ.