अथेन्सच्या संग्रहालयात पप्पांसोबत

आईला जाऊन चौदा महिने झाले, तेव्हा मी पप्पांना म्हटलं, आपण ग्रीसला जाऊ. पप्पांनी सातपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर लोखंड कापायचं लेथ मशीन चालवलं. नाशिक रोडच्या घरातून निघायचं ते फक्त नांदगावला, आमच्या गावी. पण ग्रीस आईच्या मनात होतं. पांडवलेण्यांतलं एक लेणं कुणा यवनानं, म्हणजे ग्रीकानं, आईवडिलांसाठी कोरवून घेतलंय, हे कळल्यापासून तिला त्या लोकांचा मुलूख बघायचा होता. पप्पा एवढंच म्हणाले, "चल. तिची इच्छा हाय."

व्हिसाचं काम मुंबईत होतं. त्याला दीड-दोन महिने हाताशी ठेवा. आम्ही दोहामार्गे गेलो. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट शहरात नेते आणि प्राचीन वस्तूंचं मोठं संग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं बरं. पाठीवरची सॅक दारात जमा करावी लागते आणि मूर्तींशेजारी उभं राहून फोटो काढू देत नाहीत.

सोन्याच्या मुखवट्यांपाशी गर्दी होती. पप्पा मात्र अडकले ते समुद्रात सापडलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दातेरी चाकांच्या यंत्रापाशी. काचेला नाक लावून ते म्हणाले, "दाते हातानं कापलेत. लय सफाई हाय." कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला.

पुढच्या दालनात थडग्यांवरच्या शिळा होत्या. एकीवर बसलेली बाई आणि समोर उभा पुरुष, हातात हात. पप्पा तिथून हलेनात. पहाऱ्यावरची बाई जवळ आली. मला वाटलं, आता हटकणार. पण तिनं इंग्रजीत सांगितलं, की ही निरोपाची शिल्पं. दोघांतलं गेलेलं कोण, हे काही ठिकाणी जाणकारांनाही ठरवता येत नाही. मी ते पप्पांना मराठीत सांगितलं.

पप्पा शिळेकडे बघतच बोलले. "त्या दिवशी निघताना तिनं हात पुढं केला होता. मी म्हटलं, आलोच संध्याकाळी."

आई हॉस्पिटलमध्ये होती आणि तो त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. संध्याकाळी ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, तुम्ही इथं असायला हवं होतं. त्यानंतर आमचं बोलणं जेवणखाणापुरतंच उरलं.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर मी त्यांना खरं सांगितलं. दुपारीच आईची तब्येत बिघडली होती. मी फोन करायला निघाले, तर तिनंच थांबवलं. म्हणाली, आज त्यांचा निरोप समारंभ आहे, होऊ दे. मी ऐकलं, आणि मग सगळा दोष पप्पांवर टाकला.

मी रागाची वाट बघत होते. पण पप्पा म्हणाले, "म्हणजे तू एकटीच होतीस गं तिथं."

तिथं मी रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

नंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून पालक भरलेली, पापुद्र्यांची खारी पेस्ट्री घेतली; शाकाहारी असाल तर ती सगळीकडे मिळते. उरलेले दोन दिवस शहर पाहिलं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

घरी येऊन महिना झाला. नातेवाईक विचारतात तेव्हा पप्पा त्या यंत्राबद्दल भरभरून सांगतात. शिळेबद्दल ते कुणाशी बोललेले नाहीत. परवा चहाच्या वेळी मात्र त्यांनी खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि म्हणाले, "त्या दुपारी ती अजून काय काय बोलली, ते सांग. घाई नाय."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.