नागार्जुनसागरच्या वाटेवर ऑइलचा दिवा लागला तेव्हा

आई जामबागच्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवत होती. मुलांना बुद्धांच्या गोष्टी सांगताना नागार्जुनकोंड्याचं नाव हमखास घ्यायची, पण स्वतः कधी गेली नव्हती. हैदराबादपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरची, सागर धरणाच्या पाण्यातल्या बेटावरची जागा, तीच राहून गेली. ती निवृत्त झाली तेव्हा मी म्हटलं, आता जाऊच.

बाबांनी लगेच जाहीर केलं की आपल्या जुन्या पेट्रोल गाडीनेच जायचं. बाबा बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. नांदेडकडून इथे आले ते त्याच नोकरीसाठी. इंजिनचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस म्हणून कुकटपल्लीच्या आमच्या गल्लीत आजही त्यांना मान आहे. अलीकडे कानाचं यंत्र मिळालंय, पण ते बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात असतं.

शनिवारी सकाळी लवकर निघालो. सागर रोड इब्राहिमपट्टणमपर्यंत गर्दीचा आहे, तेवढं अंतर उजाडतानाच काढा. तिथे एका टपरीवर इडली आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पुढे रस्ता मोकळा होतो, दोन्ही बाजूंना खडकांचे ढीग आणि अधूनमधून सीताफळाची झाडं दिसतात. आई खिडकीला डोकं टेकून बघत बसली होती.

माल नावाचं गाव मागे पडलं आणि एका फाटकापाशी गाडी थांबवली, तेव्हा समोर तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की विझायचा, पाय काढला की परत.

"सेन्सर असेल," बाबा म्हणाले. "आवाज नीट आहे इंजिनचा. चालव."

आवाज नीट नव्हता. वरच्या बाजूने बारीक टकटक येत होती, शिवणयंत्रासारखी. मी बाबांकडे पाहिलं. ते खरंच मन लावून ऐकत होते, आणि त्यांना ती ऐकू येत नव्हती. मी गिअरकडे हात नेला.

मागून आईच म्हणाली, "अहो, आवाज येतोय. मलासुद्धा येतोय."

 बाबांनी खिशातलं यंत्र काढून कानात घातलं, मान तिरकी केली, जरा थांबले. मग म्हणाले, "बंद कर गाडी."

वाचणाऱ्यांसाठी सांगते. हा दिवा लागला की 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असं म्हणू नका. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ऑइल पंप तळातलं तेल उचलून वरपर्यंत पोचवतो. तो दाब गेला की लोखंडावर लोखंड घासतं. आम्ही दांडी काढून तेल तपासलं, पातळी बरोबर होती. म्हणजे तेल होतं, पण वर पोचत नव्हतं.

एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून आम्हाला मल्लेपल्लीपर्यंत ओढून नेलं. तिथे यादगिरी नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "लाइट पे भरोसा नक्को करो साब. पयले गेज लगाके देखिंगे."

"हौ, तेच करा," बाबा म्हणाले.

त्याने सेन्सर काढून त्या जागी दाब मोजायचं घड्याळ लावलं. थंड इंजिनवर काटा ठीक उभा राहिला. इंजिन तापलं तसा खाली येत गेला आणि तळाशी टेकला. म्हणजे दिवा खरं बोलत होता. लगेच इंजिन बंद करून त्याने खालचं तेलाचं भांडं उतरवलं. पंप जिथून तेल ओढतो ती जाळी काळ्या चिखलाने भरली होती, आणि त्यात राखाडी रबरासारखे तुकडे अडकले होते.

यादगिरीने एक तुकडा बोटावर घेतला. "सीलंट है ये. किसने लगाया?"

बाबांनी तो तुकडा हातात घेऊन चोळला. "मी," ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात भांड्याच्या जोडातून तेल गळत होतं. जास्त लावला गेला. आतल्या बाजूला निघाला असणार."

 मग यादगिरी म्हणाला, "होता साब. मेरे से भी हुआ." त्याने पंपाचं झाकण खोललं आणि फटीत घालून मोजायच्या पातळ पट्ट्या बाबांपुढे धरल्या. "आप देखते क्या?"

बाबा गोणपाटावर बसले. चष्मा वर सारून एकेक पट्टी पंपातल्या चाकांच्या दातांच्या आणि कडेच्या फटीत घालून पाहू लागले. "पंप चांगला आहे," शेवटी म्हणाले. "झीज नाही. बेअरिंगही वाचलेत, वेळेत थांबलो आपण." त्यांनी जाळी आणि दाबाचा व्हॉल्व्ह स्वतः धुतले, बसवण्याआधी पंपात तेल भरायला लावलं, नाहीतर तो सुरुवातीला कोरडा फिरतो. प्लगच्या वायरी काढून, इंजिन पेटू न देता नुसता स्टार्टर फिरवला. काटा वर आल्यावरच इंजिन चालू केलं.

संध्याकाळ झाली. बेटावर जाणारी शेवटची लाँच कधीच गेली होती. सागरला हिल कॉलनीतल्या एका साध्या लॉजमध्ये राहिलो. खोली स्वच्छ होती, खाली तळलेले मासे सुरेख मिळाले. बाबा दोनच घास जेवले.

"तुझी आई बोलली नसती तर चालवायला लावलं असतं मी तुला," ते म्हणाले.

आईने त्यांच्या ताटात माशाचा तुकडा वाढला. "बोलले ना पण. जेवा."

सकाळी पहिल्या लाँचने बेटावर गेलो. जाण्याआधी चौकशी करा, शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं. पाणी बरोबर घ्या, बेटावर सावली असली तरी चालणं बरंच आहे. संग्रहालयातल्या उंच बुद्धमूर्तीपुढे आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग हळू आवाजात त्रिशरण म्हणाली. बाबा तिच्या अगदी जवळ सरकले आणि ओठ हलवत तिच्या मागून म्हणत राहिले.

परत येताना गाडीने काही त्रास दिला नाही. घरी आल्यावर आईने संग्रहालयात घेतलेली चित्रं कपाटावर लावली. मला मात्र वेगळंच काहीतरी मिळालं, ते पुढच्या रविवारी कळलं. शेजारचे एक गृहस्थ आपली स्कूटर घेऊन बाबांकडे आले. नेहमीसारखं म्हणाले, "काका, जरा ऐकून सांगा, काय झालंय."

बाबांनी स्टँडवर लावून ती चालू केली. कानात यंत्र होतं, तरी थोडा वेळ ऐकून नाही अशी मान हलवली. मग त्या गृहस्थांसमोरच मला हाक मारली.

"सुजाता, इकडे ये. मला आता बारीक आवाज येत नाहीत. तू ऐक आणि मला सांग."

मी चप्पल घालून खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी वाकून उभी राहिले.