भोंगामावशी आणि कुजबुजणारी चाळ

भोंगामावशींना हळू बोलता येत नसे. त्या प्रयत्न करायच्या, पदर तोंडाशी धरायच्या, समोरच्याच्या कानाशी वाकायच्या, आणि मग जे निघायचं ते चाळीच्या टोकाला नळावर उभ्या असलेल्या बायकांनाही स्पष्ट ऐकू जायचं. त्यांचे यजमान गिरणी कामगार, तेव्हा संपात घरी बसलेले. "गिरणीतला भोंगा बंद पडला, घरातला चालू आहे," असं ते म्हणायचे आणि तेच नाव पडलं. मावशींना त्याचा राग नव्हता. "माका हळू बोलूक येणा नाय," त्या सांगायच्या, "आणि लपवण्यासारख्या माझ्याकडे आसा तरी काय?"

घाटकोपरला भटवाडीत आमची खोली पहिल्या मजल्यावर, त्यांची बरोबर खाली. त्यांच्या कानावर कुणी काही घालत नसे. तीन नंबरच्या खोलीतल्या मुलीला स्थळाकडून नकार आला, तेव्हा तिच्या आईची समजूत घालता घालता मावशींनी ती बातमी दोन्ही मजल्यांना पोचवली होती. पण समजूत घालायला गेल्या होत्या त्या एकट्याच, हेही खरं.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले ते संपाच्या दुसऱ्या वर्षी. पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे या वेळी सगळेच जपून होते. डॉक्टरीणबाई फार मायाळू. त्या म्हणाल्या, "मन शांत ठेव हं. आईच्या जिवाची घालमेल बाळापर्यंत पोचते." त्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं, पण माझी वाट लागली. आधी नुसती बाळाची काळजी होती, आता काळजी करतेय याचीही काळजी सुरू झाली. छातीत धडधडलं की पोट आवळून यायचं, आणि पोट आवळलं की वाटायचं, पोचली बघ माझी भीती त्याच्यापर्यंत. सासूबाईंनी माझ्या अंथरुणासमोर बाळकृष्णाचं चित्र लावलं. त्याच्याकडे बघूनसुद्धा मला रडू यायचं.

यावर मावशींचं औषध एकच. सकाळी भांडी घासता घासता खालून हाक यायची, "गो बाय, आज कसा आसा?" आता खालून आरोळी आल्यावर वरून काय पुटपुटणार? मलाही कठड्याशी येऊन ओरडून सांगावं लागे, "मावशी, रात्री झोप नाही आली. भीती वाटते." चाळ ऐकायची. सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग ध्यानात आलं की इतक्या मोठ्यानं सांगितलेली भीती दिवसभर पुरत नाही. सहाव्या महिन्यानंतर तर त्यांचा आवाज आला की बाळ आतून लाथ मारायचं. मी सांगितल्यावर मावशींनी राखेचे हात तसेच वर केले आणि आरोळी ठोकली, "ऐकता गो! माझा ऐकता!"

सातव्या महिन्यात ती हाक बंद झाली.

नुसती हाकच नाही. मी नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या. सासूबाई आणि हे स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजायचे आणि माझी चाहूल लागली की डाळीच्या भावाबद्दल बोलायला लागायचे. ह्यांचं जेवण कमी झालं होतं. सगळं मी एकवेळ सोसलं असतं, पण मावशी मला बघून आत जायला लागल्या आणि माझा धीर सुटला. ज्या बाईला गप्प बसता येत नाही ती गप्प बसली, म्हणजे गोष्ट बाळाचीच. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय आणि माझ्यापासून लपवतायत, अशी माझी खात्री पटली. पोट दिवसातून कितीदा तरी दगडासारखं व्हायला लागलं.

एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तशी मी खाली गेले. मावशी दारात बसून सुपात सुकट निवडत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी त्यांचा पदरच धरला.

"मावशी, माझं बाळ जगणार नाही ना?"

त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. "कोणी सांगल्यान तुका?"

"मग सगळे काय लपवताय?"

मावशींनी एकदा वर आमच्या खोलीकडे बघितलं. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तुझ्या घोवाचो कारखानो बंद पडलो हा. साकीनाक्याच्या कारखान्याक टाळा लागला. पोराक तुझ्या काय एक झाला नाय!"

मी तिथेच सुकटीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. नवऱ्याची नोकरी गेल्याचं ऐकून इतकं हलकं वाटलेली मी एकटीच बाई असेन. मावशी पाठीवरून हात फिरवत होत्या. "आता रडान घे. मगे जेव."

वरून सासूबाई धावत आल्या. पोटुशीला वाईट बातमी सांगायची नाही, एवढं साधं कळू नये? त्यांनीच मावशींना माझ्याशी बोलायला बंदी केली होती. मावशी उलटून भांडल्या नाहीत. "वयनी, तुमी बातमी लपवलात," त्या म्हणाल्या, "भीती खंय लपली? ती पोरीक मिळालीच ना?"

संध्याकाळी हे डबा घेऊन घरी आले, कामावरून आल्यासारखे. मी म्हटलं, "अहो, उद्यापासून डबा कशाला? घरीच गरम जेवा." ते उंबऱ्यातच बसले. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री आम्ही तिघं पोटभर जेवलो, आणि मला झोप लागली.

मुलगी झाली. पहिल्याच रडण्यानं तिनं वॉर्ड दणाणून सोडला, आणि मावशी जिन्यातून ओरडल्या, "इलो माझो भोंगो!"

पुढे ह्यांना दुसरीकडे काम लागलं, मावशी मुलाकडे मुलुंडला राहायला गेल्या. लेक पहिलीत असताना कळलं, त्या अंथरुणाला खिळल्यात. मुलीला घेऊन त्यांना बघायला गेले. त्यांच्या मुलानं दारातच मला थांबवलं आणि कुजबुजला, "वहिनी, कॅन्सर आहे. आईला अल्सर म्हणून सांगितलंय. बोलू नका हां."

मावशी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला जवळ ओढून त्या म्हणाल्या, "गो बाय, सगळे हळू बोलतत. काय ता तू सांग."

मी मुलाकडे बघितलं. त्यानं मान हलवली, नको म्हणून. मग मी मावशींकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मावशी, कॅन्सर आहे तुम्हाला. आता फार दिवस नाहीत."

त्यांनी डोळे मिटले. मग मावशींनी विचारलं, "झिलाक माझ्या काय झाला नाय मां? नोकरी आसा मां त्याची?"

"नोकरी आहे. मुलगा अगदी बरा आहे."

"मगे ह्या लपवूक होता काय?" त्या म्हणाल्या. "माका वाटला, त्याकाच काय तरी झाला." हात लांब करून त्यांनी मुलाला जवळ बोलावलं, बराच वेळ त्याचा हात धरून ठेवला. आणि मग सुनेला हाक मारून पेज मागितली. शेजारच्यांनाही ऐकू जाईल, अशा आवाजात.