धवळ्यांचे सर्व हक्क

माझी मावशी वसईजवळच्या जूचंद्र गावची धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी असतोच, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं पुष्कळ काम धवलारणीचं. हळद लागताना ती देवांना, आजूबाजूच्या गावांना, खाडीला, विहिरीला, घराच्या उंबऱ्याला एकेक करून लग्नाचं आमंत्रण देते, आणि ते गाऊन देते. त्या गाण्यांना धवळे म्हणतात. मावशीला ते तिच्या सासूने शिकवले होते. लिहून नाही, मागे बसवून. मावशीला मुलगी झाली नाही, म्हणून ते तिला मला द्यायचे होते.

मी वसईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. लग्न केलं नाही, त्यामुळे सुट्टीच्या दुपारी मोकळी असायचे. मावशी म्हणायची, "बाय, दुपारची येत जा. मागं बसून म्हन. पुस्तकासारकं वाचू नको, म्हन." मी काही दुपारी गेले. तिच्या ओटीवर बसून तिच्यामागून म्हटलं; चुकले की ती न थांबता नुसता गुडघ्यावर हात आपटायची. सुरुवातीचे काही धवळे मला बरे येऊ लागले होते.

त्याच सुमारास मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस गावात आला. कोळीगीतांच्या कॅसेटी तेव्हा चांगल्या खपत, त्यांना आता लग्नाची गाणी हवी होती. मावशीने आधी साफ नाही म्हटलं. लग्न नसताना धवळे गायचे नाहीत, देवांना आमंत्रण द्यायचं आणि लग्नच नाही, हे कसं चालेल? त्या माणसाने लग्नातच रेकॉर्डिंग करू म्हणून पाहिलं, पण मांडवातल्या गोंगाटात ते जमेना. शेवटी मावशीनेच तोड काढली. ती स्टुडिओत जाताना एक पाट, तांदूळ, हळद आणि दोन सुपाऱ्या घेऊन गेली. तिथे गालिच्यावर पाट मांडला, सुपाऱ्यांना नवरा-नवरी केलं, आणि काचेपलीकडच्या मशीनवाल्याला खुणेने सांगितलं, "चपला काड रं. लगीन हाय."

त्याने मुकाट्याने बूट काढले. मी तिथेच होते. मग ती गायली. त्या बंद खोलीत, पंखासुद्धा बंद करून, ती इतकं स्वच्छ गायली की मांडवात तिचा आवाज मी इतकी वर्षं पुरता ऐकलाच नव्हता असं मला वाटलं. येताना तिने सुपाऱ्या पदरात बांधून आणल्या आणि देव्हाऱ्यात ठेवल्या. "लगीन लावलंय त्यांचं, टाकून कशी देऊ?" म्हणाली.

करार इंग्रजीत होता. तो मी वाचला आणि तिला समजावून सांगितला. माझ्या शिक्षणाचा तिला उपयोग होतोय याचं मला बरं वाटत होतं. त्यात असं होतं की या गाण्यांचे आजच्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या साधनांमधले सर्व हक्क कंपनीचे, आणि गायिका ही गाणी दुसऱ्या कुणासाठीही ध्वनिमुद्रित करणार नाही.

मावशीने विचारलं, "म्हंजे मी लग्नात गावाचं नाय?"

"गायचं गं. लग्नातलं गाणं म्हणजे काही रेकॉर्डिंग नव्हे. ही कागदाची भाषा असते, सगळ्यांनाच हेच लिहून देतात."

"धवळं मना सासूनं दिलं. तिला कोनी दिलं काय म्हाईत. मी कशी देनार ह्यांना?"

"गाणी नाही देत आहेस, फक्त आवाज देतेस."

"फक्त!" ती म्हणाली आणि हसली. मग सही केली. सही करायला तिला मीच शिकवलं होतं.

पुढच्या सुट्टीत तिने बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "आता कॅसेटमध्ये आहे की सगळं. हवं तेव्हा लावून शिकेन."

"चुकलीस तर कॅसेट गुडघ्यावर हात आपटंल काय?"

मी हसले आणि गेले नाही. पुढेही नाही गेले. तिने दोन-तीनदा आठवण केली, मग सोडून दिलं. तिची कॅसेट माझ्या कपाटात होती आणि मला ते शिकल्यासारखंच वाटत होतं.

कॅसेट बेताचीच खपली. नंतर सीडी आल्या. वसई स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर एका चकतीत शंभर लग्नगीतं मिळू लागली. त्यांत मावशीचे दोन धवळे होते, खाली मशीनचा ढोल घातलेले, नाव कुणा भलत्याच बाईचं. मला संताप आला. मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला: पिढ्यान्‌पिढ्या जपलेला गळा गाडीवर विकला जातो आणि कायदा पाहत राहतो, कायद्याला दात हवेत, वगैरे. लेख मनापासून लिहिला होता. त्याच दिवसांत आमच्या वाचनालयाच्या दाराशी असलेल्या झेरॉक्सवर मुलं अख्खी पाठ्यपुस्तकं काढून नेत आणि मी चष्मा पुसत दुसरीकडे बघत असे. त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

लेख वाचून संगीत कंपन्यांच्या एका संघटनेचा फोन आला. त्यांनी लेखाचं इंग्रजी केलं, आमदार-खासदारांना वाटायच्या एका गुळगुळीत पुस्तिकेत छापलं, शेजारी मावशीचा फोटो घातला. फोटो मीच दिला होता. खाली लिहिलं होतं की चोरट्या प्रतींमुळे ही गरीब लोककलावंत उपाशी राहिली.

मी मावशीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. "मी कंदी उपाशी रायली? भाताची खाचरं कोनाची मंग? ह्यांच्या बापाची?" शेजारणीला हाक मारून तिने सांगितलं, "ऐकलंस काय, मी उपाशी हाय. जेवाला घाल मना."

मग मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात बैठक झाली. कायद्यात काय बदल हवेत याबद्दल कलावंतांचं म्हणणं ऐकून घेणार होते. मला कलावंतांच्या बाजूने बोलावलं होतं. मावशीला घेऊन या असं कुणी म्हटलं नाही आणि मीही सुचवलं नाही. प्रत्येकाच्या खुर्चीपुढे मसुदा छापून ठेवलेला होता. गाण्याची नक्कल होऊ नये म्हणून प्रतीला कुलूप घालण्याची परवानगी, कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा, इंटरनेटवरचं काही आपलं आहे असं कंपनीने कळवलं की ते लगेच काढून टाकण्याची सक्ती. सरकारी कचेरीतून आलेले एक गृहस्थ म्हणाले की असा तयार मसुदा मिळाला की आमचं काम फार सोपं होतं. सगळे हसले. मीही हसले. मी पाच मिनिटं बोलले, लोकांना आवडलं. जेवण उत्तम होतं. मसुद्याखाली पाठिंबा देणाऱ्यांची नावं होती, त्यांत माझं होतं. कंपनीने चुकून दुसऱ्याचंच आपलं म्हटलं तर काय, हा प्रश्न त्या खोलीत कुणाच्याही तोंडून आला नाही. वाचणं हा माझा धंदा होता आणि मसुदा मी शेवटपर्यंत वाचला होता. मला तो प्रश्न सुचला नाही, एवढंच सांगता येतं. सुचला असता तर विचारला असता का, ते माहीत नाही.

दरम्यान आमच्या मामेबहिणीचं लग्न झालं. हळदीला मावशी गायली, आणि व्हिडिओवाल्याने ते अख्खं घेतलं. मामेबहीण दुबईला गेली, तेव्हा माझ्या भावाने ती हळद इंटरनेटवर चढवली, म्हणजे तिला तिकडे पाहता येईल. भाऊ बँकेत आहे, व्यवस्थित माणूस. दिवाळीच्या साफसफाईत त्याने घरातल्या कॅसेटी काढल्या, त्या हळदीच्या व्हिडिओचीही. आमच्याकडच्या दमट हवेने त्यांवर पांढरी बुरशी आली होती, माझ्याकडच्या मावशीच्या कॅसेटवरसुद्धा. "टाकून देऊया ना?" त्याने विचारलं. "इंटरनेटवर आहे, आता कुठे जातंय?" मी हो म्हटलं. मीच पिशवी खाली नेऊन ठेवली.

मावशी पावसाळ्याच्या शेवटी गेली. आजारपण फार नव्हतं. तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाला, तिला जरा ऐकूया. त्याने कॉम्प्युटर लावला. चित्र आलं. पिवळ्या साडीतली मावशी, शेजारी हळदीची वाटी, मागे कुणाचं तरी पोर रडतंय. आवाज नव्हता. भावाने वायर काढून परत लावली, स्पीकरला चापट मारली. मग मी खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचलं. हक्कधारक कंपनीच्या तक्रारीवरून आवाज बंद केला आहे.

आम्ही तरीही पाहत राहिलो. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. एका जागी तिने गुडघ्यावर हात आपटला. मागे बसलेलं कुणीतरी चुकलं असणार.

भाऊ म्हणाला, "तू लिही ना त्यांना. तुला ओळखतात ते. तू त्यांच्यासाठी एवढं केलंस."

तो टोमणा नव्हता. म्हणूनच मला तो फार दिवस पुरला.

मी फोन केले. जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. हॉटेलातल्या बैठकीत भेटलेले एक वकील तिथे सापडले. अगदी सौजन्याने बोलले. "मॅडम, तुमचा लेख अजून वापरतो आम्ही."

मी झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "ते एजन्सी बघते. आमच्याकडून गाण्यांच्या नावांची यादी जाते, नाव जुळलं की तक्रार जाते. प्रत्येक ऐकायला कोण बसणार?"

"पण ती आमच्या घरची हळद आहे. तुमची कॅसेट नाही ती."

कागद चाळल्याचा आवाज आला. "करारात आहे मॅडम, ही गाणी त्या दुसरीकडे ध्वनिमुद्रित करणार नव्हत्या. आता मी तक्रार मागे घ्यायला सांगितलं तर मलाच विचारतील."

ते कलम मला पाठ होतं. वाद घालता आला असता, हळदीतलं गाणं हे ध्वनिमुद्रण होतं का वगैरे. पण मावशीला मी काय सांगितलं होतं ते मला ऐकू येत होतं. मग मी मूळ टेपची प्रत मागितली. निदान ती तरी द्या. ते काही दिवसांनी बोलतो म्हणाले, आणि खरंच त्यांनी फोन केला. गोदाम हलवताना जुने टेप गेले होते. "हक्क आमच्याकडे आहेत," ते म्हणाले, "टेप मात्र सापडत नाही. सॉरी मॅडम." ते खरोखर वाईट वाटून बोलत होते.

गाडीवर मावशीचा आवाज विकणाऱ्यांनी चोरी केली होती, असं मला आजही वाटतं. पण आता पाहिलं तर त्या शंभर गाण्यांच्या चकतीत निदान दोन धवळे होते. मी वसईला, विरारला, आगाशीच्या बाजारात ती शोधत हिंडले. सीडीच्या गाड्याच उठल्या होत्या. काही धाडींत, काही मोबाइलमुळे. माझ्या लेखात कायद्याला दात हवेत असं लिहिलं होतं. पुढे कधी सरकारने लोकांच्या सूचना मागवल्या, तेव्हा मी घडलेलं सगळं साध्या भाषेत लिहून पाठवलं. पोच आली नाही. हॉटेलातल्या मसुद्यासारखं ते बांधलेलं नव्हतं, आणि खाली नाव एकटं माझंच होतं.

भावाच्या मुलीचं लग्न मावशी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ठरलं. ती पवईला नोकरी करते, तरी तिने हट्ट धरला की हळदीला आजीचे धवळे हवेत. मावशीला ती आजी म्हणायची. गावातली दुसरी धवलारीण म्हातारी होऊन मुलाकडे पनवेलला गेली होती, तिला आता काही आठवत नसे. मी भाचीला सगळं सांगितलं, करारापासून. वाटलं होतं, रागावेल. ती म्हणाली, "आत्या, तुला किती येतात?"

"सुरुवातीचे. तेही अर्धेमुर्धे."

"मग तेवढे म्हण."

नायगाव पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मांडव घातला होता. मी नवरीच्या मागे बसले. माझा आवाज वाचणाऱ्या बाईचा आहे, तो वर चढत नाही. देवांना बोलावलं. जूचंद्रच्या देवीला बोलावलं. एका देवाला दोनदा बोलावलं तेव्हा मावशीची ती शेजारीण मागून ओरडली, "आगं, तो आला मगाशीच, बसवलंय त्याला!" बायका हसल्या. गावांना बोलावलं, खाडीला बोलावलं. त्यानंतर विहीर येते, आणि मग उंबरा. विहिरीची पहिली ओळ मला आली. दुसरी आली नाही. शेजारणीकडे पाहिलं, तिने नाही म्हणून मान हलवली. तिने जन्मभर ऐकलं होतं, म्हटलं कधी नव्हतं.

नवरी मान न वळवता, हळूच म्हणाली, "पुढचं?"

"पुढचं मला येत नाही, बाळा."

तिने हळद लावायला उठलेल्या आईला हाताने थांबवलं. तिला वाटत असावं, आठवेल. मग भावजय वाटी घेऊन पुढे आली आणि हळद लावायला सुरुवात झाली. विहिरीला आणि उंबऱ्याला त्या लग्नाचं आमंत्रण गेलं नाही.