हसऱ्या आईचा पुरावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि वकीलबाई ती कधी चढल्याही नव्हत्या. त्या समुपदेशक. जीव नकोसा झालेली कोवळी पोरं त्यांच्याकडे यायची आणि बाई त्यांच्या प्रत्येक काळ्या विचाराला विचारायच्या, "पुरावा काय?" त्यावरून पोरांनीच हे नाव ठेवलेलं. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरी नवरा म्हणाला, "भाजी खारट झालीय," तरी बाई म्हणायच्या, "कशावरून?" बिचारा गुपचूप पाणी प्यायचा.

खोलीत एक डुगडुगतं स्टूल होतं. विचाराला त्यावर बसवायचं, म्हणजे विचार निराळा आणि आपण निराळे. मग त्याची उलटतपासणी. भलेभले विचार त्या स्टुलावरून तोंडघशी पडलेले.

आज समोर सोळा वर्षांची पोरगी होती. वादविवादात बक्षिसं मारणारी, त्यामुळे बाईंना जरा जपूनच राहावं लागे. मरणाचे विचार येतात का, हे बाईंनी पहिल्याच भेटीत आडपडदा न ठेवता विचारलं होतं आणि तिनेही खरं सांगितलं होतं. तिने स्टुलावर विचार बसवला: मी मेले तरी घरात कुणाला काही वाटणार नाही.

"पुरावा?"

"आई हसते."

"म्हणजे?"

"आधी उठताबसता ओरडायची. मी इथे यायला लागल्यापासून नुसती हसते. काल तिला म्हटलं, मला जगावंसं वाटत नाही. तर हसून म्हणाली, बरं, आधी जेवून घे."

पोरीसमोर चेहरा प्रसन्न ठेवा, हा आईला दिलेला सल्ला बाईंचाच! आणि आई कोण, तर दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी घेणारी. सुजलेल्या गालांकडे बघून हसण्यात तिची हयात गेलेली. तिने सल्ला अक्षरशः पाळला होता. करायला गेल्या एक नि झालं भलतंच.

बाईंनी दार उघडून बाहेर थांबलेल्या आईला आत बोलावलं. ती हसतच आली.

"ताई, आता हसू नका. सल्ला माझा होता आणि तो साफ चुकला. हिला वाटतंय, ही गेली तरी तुम्हाला काही वाटणार नाही."

हसू क्षणभर तसंच चिकटून राहिलं. मग हनुवटी थरथरली.

"काही वाटणार नाही? कार्टे! घशाखाली घास उतरत नाही माझ्या. तू झोपलीस की दाराबाहेर बसते मी. तुझा श्वास ऐकत."

पोरगी आ वासून बघत राहिली. "ती तू होतीस? मला वाटलं शेजारच्यांचं मांजर."

"मांजर काय? मांजर इतकं रडतं?"

पोरीला हसू आलं आणि रडूही. बाईंनी तिघींसाठी कागदी रुमालांचा डबा पुढे केला. स्वतःसाठी एक आधी काढून घेतला.

"त्या विचाराच्या खरेपणाला आता शंभरातले किती गुण?"

"नव्वद होते." तिने विचार केला. "चाळीस."

चाळीस म्हणजे शून्य नव्हे, हे बाई जाणून होत्या. असले विचार लोचट, पुन्हा येतात. आला की कुठल्याही वेळी आधी आईला उठवायचं, असं त्यांनी पोरीकडून कबूल करून घेतलं आणि पुढची भेट परवाचीच ठरवली.

निघताना पोरगी म्हणाली, "आई, आज दाराबाहेर बसू नकोस."

आईचा चेहरा पडला.

"आत येऊन बस."