दोन रेडिओंमधले तीन सेकंद

स्वयंपाकघरात माझ्या बायकोचा, मालतीचा, जुना मीडियम वेव्हचा रेडिओ आणि गॅलरीत माझा नवा डिजिटल. केंद्र एकच. पण डिजिटल आवाज तीनेक सेकंद मागून येतो, त्यामुळे सकाळच्या बातम्या आमच्या घरात दोनदा व्हायच्या. ती आधी हळहळायची, मग मला कारण कळायचं. "तुमचा शहाणा रेडिओ कायम उशिरा," ती म्हणायची.

गेल्या महिन्यात केंद्राने मीडियम वेव्ह बंद केली. तिच्या रेडिओत आता नुसती खरखर आहे, तरी ती तो लावतेच. सवय, दुसरं काय! पण पुढचा आवाजच थांबला, तर माझ्या रेडिओचा आवाज आता कोणाच्या मागून येतो, हा विचार काही डोक्यातून जाईना.

काल ती आतून म्हणाली, "अगं बाई, गेले का ते!" तीन सेकंदांनी माझ्या रेडिओने एका वृद्ध गायकाच्या निधनाची बातमी दिली.

आज ती पदराला हात पुसत दारात आली आणि डबडबल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली.

तीन सेकंद संपायच्या आत मी माझा रेडिओ बंद केला.