मोरीला लागलेल्या मुंग्या

माझी थोरली जाऊ मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहते, आणि मी तिला. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. मनात करत नाही, म्हणून इथंही करणार नाही.

आमचं घर कोर्टासमोर आहे. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते आणि उन्हाळा लागला की त्या खिडकीत जाऊबाई उभी राहते. पुढ्यात काचेच्या तीन मोठ्या बरण्या असतात. एकीत लिंबू-अननस, दुसरीत लिंबू-कलिंगड आणि तिसरीत लिंबात काळी द्राक्षं. कोर्टातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा घसा कोरडाच असतो, मग तो जिंकलेला असो की हरलेला. वकील, कारकून, शिपाई, सगळे आमच्या खिडकीशी येतात. एकमेकांचं तोंड न पाहणारे सख्खे भाऊ तिथं शेजारी उभे राहून सरबत पिताना मी पाहिलेत. पाहिलेत ते मागच्या मोरीतून, कारण ग्लास मी विसळते.

खिडकी तिची आणि मोरी माझी, ही वाटणी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात झाली. मी हौसेनं पातेलंभर सरबत केलं होतं. घरात पाहुणे बसले होते. तिनं एक चमचा तोंडात घातला, पातेलं उचललं आणि सगळ्यांसमोर मोरीत रिकामं केलं. वर म्हणाली, "पातेलं तेवढं नीट घासून ठेव, धाकटे." तेव्हापासून मी घासतेच आहे.

तिचं काम मात्र जसं आहे तसंच सांगायला हवं, नाहीतर माझा राग खोटा पडेल. लिंबाच्या सालीचा वरचा पिवळा भाग ती हलक्या हातानं साखरेवर किसायची आणि बोटांनी चोळून झाकून ठेवायची. सकाळपर्यंत साखर ओलसर आणि पिवळी झालेली असे. अर्धं लिंबू ती एकदाच पिळायची. दुसऱ्यांदा पिळलं की कडवटपणा उतरतो. फळाला सुरी लावायच्या आधी ते नाकाशी धरायची. माप कसलंच नाही. "यंदाचं लिंबू गेल्या वर्षीच्या लिंबाचं कुणी लागत नाही," म्हणायची आणि डोळे मिटून चमच्या-चमच्यानं चव घ्यायची. तोवर घरात कुणी खोकायचंही नाही. तिची सगळी कमाई त्या जिभेवर होती. चव घ्यायलाही तीच आणि माणसं सोलायलाही तीच.

घरातले पुरुष दोन. थोरले भाऊजी आणि आमचे हे, दोघेही छापखान्यात. समोर येईल त्याला "छान" म्हणायचं, एवढंच त्यांना येतं. घराला आग लागली तरी छान ऊब आहे म्हणतील.

यंदा थंडी सरता सरता जाऊबाईला मोठं सर्दी-पडसं झालं, ताप आला. ती उठली, हिंडूफिरू लागली. एके दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ घालायचं राहून गेलं. पहिल्या घासालाच माझ्या लक्षात आलं आणि मी मान खाली घालून तोफ सुटायची वाट पाहत बसले. ती मुकाट्यानं जेवली. पुन्हा भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मीठ घातलं नाही. तीही भाजी तिनं चाटूनपुसून खाल्ली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढी वर्षं जिनं माझ्या हातच्या प्रत्येक पदार्थाला नाक मुरडलं, तिला आता चुन्याची निवळी दिली तरी कळणार नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. आमच्या ह्यांनी पूर्वी एकदा म्हटलं होतं, वहिनी थकली की खिडकी तूच बघ. मी मनात खिडकीचा पडदासुद्धा बदलून टाकला.

उन्हाळा लागला, खिडकी उघडली आणि ग्लास अर्धे परत येऊ लागले. वकील दोन घोट घ्यायचे, ग्लासकडे बघायचे आणि काहीतरी काम आठवून निघून जायचे. तिला कोण सांगणार? तिच्या तोंडाला लागायची कोर्टातसुद्धा कुणाची छाती नव्हती. मी उरलेलं सरबत पटापट मोरीत ओतायचे आणि ग्लास चकचकीत करून पुढं द्यायचे. दया म्हणून नव्हे. तिला वेळेवर कळू नये म्हणून. गिऱ्हाईक तिकडं वळल्यामुळं कोपऱ्यावरचा सोडावाला आताशा मला बघून हसायला लागला होता.

अशात कोर्टातले सगळ्यात जुने न्यायाधीश निवृत्त व्हायचा दिवस आला. निरोपाला समोरच्या खिडकीतलंच सरबत हवं, असा त्यांनी स्वतः निरोप धाडला. म्हणजे अख्खं कोर्ट एका वेळी पिणार. एका दुपारीत तिचं नाव धुळीला मिळणार होतं आणि मला बोटसुद्धा हलवायचं नव्हतं.

त्या सकाळी मी मोरीत उभी होते. जाऊबाई मागून आली आणि खाली बघत राहिली.

"मुंग्या लागल्यात," ती म्हणाली.

खरंच लागल्या होत्या. मोरीच्या भोकापासून भिंतीच्या फटीपर्यंत जाडजूड रांग.

"उन्हाळ्यात लागतातच," मी म्हटलं.

"आजवर नाही लागल्या. माझं सरबत लोक पीत नाहीत, मोरी पितेय." कोर्टासाठी भरून ठेवलेल्या पिंपातून तिनं मोठा चमचा भरून माझ्यापुढं धरला. "चव घे."

"मी?" मी म्हटलं. "मला कुठं चव कळते? तुम्हीच म्हणता ना, धाकटीची जीभ म्हणजे चपलेचा तळ."

"अजूनही म्हणते. पण ह्यांना विचारलं तर ते छान म्हणतात, तुझा नवरा छान म्हणतो, शेजारीण तर न पिताच छान म्हणते. मला दुखण्यापासून काही लागत नाही, धाकटे. ना वास, ना चव. तुझ्या तोंडून मला आजवर एक चांगला शब्द ऐकू आलेला नाही, म्हणून तुला विचारतेय. आणि ऐकून ठेव, तू छान म्हणालीस ना, तर मी हे पिंप इथंच ओतीन."

मी चमचा तोंडात घेतला. अननस आंबला होता. साल खोलवर किसली गेली होती आणि कडूपणा घशाला चिकटत होता. मी "ठीक आहे" म्हटलं असतं तरी काम फत्ते होतं. खोटं कशाला बोलू, तोंडातला कडूपणा गिळेपर्यंत मी तोच विचार करत होते. पण तिच्या हातातला रिकामा चमचा थरथरत होता, आणि मला त्या हाताचा भयंकर राग आला. हिनं माझ्यापुढं असं उभं राहायचं नव्हतं. माझं पातेलं ओतताना हा हात जराही हलला नव्हता.

"थू!" मी मोरीत थुंकले. "अननस सडलाय. साल किसलीय की लिंबाचा सूड घेतलाय? हे न्यायाधीशांना दिलंत तर निवृत्त व्हायच्या आधी तुम्हाला आत टाकून जातील."

तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं पिंप कलंडवलं आणि सगळं मोरीत गेलं. "तरी मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "अननस तूच आणला होतास ना? जा आता, ताजा आण. आणि हुंगून आण. नाक तरी आहे ना ठिकाणावर?"

मी आणला. मग ओट्यापाशी जे भांडण सुरू झालं ते दुपारपर्यंत. साल तिनं किसली, पण प्रत्येक लिंबाला मी "पुरे!" म्हणून ओरडायचं. रातभर साखर मुरवायला वेळ नव्हता, म्हणून ती तळहातानं चोळत बसली. मी चमचा घेऊन उभी.

"साखर?"

"कमी."

"किती कमी?"

"तुमच्या बोलण्यात असते तेवढीच आहे."

तिनं दोन ओंजळी टाकल्या. "लिंबू?"

"अजून दोन. अहो, एकदाच पिळा!"

"मला शिकवतेस? मला?"

"कुणीतरी शिकवायला हवं होतं. फार उशीर झाला."

थोरले भाऊजी दारात डोकावले, "छान वास सुटलाय" म्हणाले, आणि आम्ही दोघींनी एकदमच त्यांना हाकलून दिलं.

कोर्टाचा शिपाई पिंप न्यायला आला आणि दारात ताटकळू लागला. तिनं शेवटचा चमचा भरला.

मी प्यायले आणि ओळखलं. त्या पहिल्या उन्हाळ्यात, माझं सरबत मोरीत गेल्यावर, सगळे झोपलेले असताना मी दाराआड उभी राहून तिच्या बरणीतला डाव चाटला होता, नेमकं काय मोठं आहे ते बघायला. तेव्हा मला रडू आलं होतं ते तिच्या बोलण्यानं नव्हे, तर ते सरबत खरंच चांगलं होतं म्हणून. आज तीच चव होती. आधी साखर, मग अननस आणि गिळल्यावर मागून येणारं लिंबू.

ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तिला दुसरीकडं बघायला जागाच नव्हती. शिपायानं पाय बदलला. "छान" हा शब्द अगदी ओठांवर आला. तो बाहेर पडला असता तर तिनं पिंप ओतलं असतं, ती बोलल्याप्रमाणे करते.

मी तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"आधी केस विंचरा," मी म्हटलं. "कोर्टात जायचंय. असं ध्यान घेऊन गेलात तर लोक आरोपी समजतील."

तिनं माझ्या हातातला चमचा हिसकावून घेतला आणि पिंपावर झाकण लावलं.